जबड्याचं ऑपरेशन: चीर लहान की नेहमीची?

इचलकरंजीच्या एका वडिलांचा प्रश्न आलाय, तो आधी थोडक्यात सांगतो. मुलगी २१ वर्षांची. खालचा जबडा पुढे, वरचा आत दबलेला. समोरचे दात एकमेकांवर बसत नाहीत, भाकरीचा घास समोरून तोडता येत नाही, बाजूच्या दाढेनं ओढून तोडते. दीड वर्ष तारा लावल्यात, आता ऑपरेशनची वेळ आली. कोल्हापुरातल्या एका सर्जननी दोन्ही जबड्यांचं नेहमीचं ऑपरेशन सांगितलं. पुण्यात दुसरं मत घेतलं, तिथं ‘मिनिमली इन्व्हेसिव्ह’ सांगितलं, आणि खर्च जवळजवळ दुप्पट. वडील विचारतात: दुर्बिणीतून होणार असेल तर कर्ज काढून तेच करावं का? चेहऱ्यावर व्रण राहील का? ओठ कायमचा बधिर होतो म्हणतात, ते खरं का? आणि पुढं लग्नाचंही बघायचं आहे.

मी कोल्हापुरात २५ वर्षं जबड्यांचंच काम करतोय, त्यातली निम्मी वर्षं दोन्ही पद्धतींनी. त्यामुळं कुठल्याच बाजूचा वकील नाही. तुम्ही चिरेबद्दल विचारलंय. मला जास्त काळजी आहे ती तुम्ही न विचारलेल्या गोष्टीची: जबडे नेमके कुठं नेऊन बसवायचे, हे कुणी आणि कसं ठरवलंय?

पण आधी दुर्बीण बाजूला ठेवू. पित्ताशयाचं ऑपरेशन दुर्बिणीतून होतं, कारण पोटात वायू भरून जागा करता येते आणि त्या जागेत दुर्बीण फिरते. जबड्याभोवती अशी पोकळी नाही. सांध्याजवळच्या काही कामांत दुर्बीण वापरतात, पण तुमच्या मुलीला सांगितलेल्या ऑपरेशनशी तिचा संबंध नाही. लेसरचाही नाही. जबड्याच्या बाबतीत ‘मिनिमली इन्व्हेसिव्ह’ म्हणजे एवढंच: चीर लहान, हाडावरचं मांस कमीत कमी सोडवायचं, आणि हाड कापायला जमेल तिथं करवतीऐवजी पिएझो नावाचं यंत्र. किती सेंटिमीटरच्या आत आलं की ‘मिनिमली’ म्हणायचं, याची सर्वांनी मान्य केलेली व्याख्या नाही. दोन सर्जन हाच शब्द वापरतात आणि दोन वेगळी ऑपरेशनं करतात.

व्रणाचं उत्तर सोपं आहे. दोन्ही पद्धतींत चीर तोंडाच्या आतून, ओठ आणि हिरडीच्या मधल्या घडीत असते. बाहेरून काही दिसत नाही. खालच्या जबड्याच्या मागच्या स्क्रूला सरळ कोन मिळावा म्हणून काही सर्जन गालावर तीन-चार मिलिमीटरचं भोक पाडतात, त्याला एक टाका पडतो. ते दोन्ही पद्धतींत होऊ शकतं, आणि वर्षभरानं शोधावं लागतं. थोडक्यात, व्रणाच्या भीतीनं दुप्पट पैसे देत असाल तर देऊ नका.

आता आत काय होतं ते बघू.

वरच्या जबड्याच्या ऑपरेशनला आम्ही ‘लेफोर्ट-वन’ म्हणतो. रेने ल फोर या फ्रेंच सर्जननं १९०१ मध्ये मृतांच्या डोक्यांवर आघात करून चेहऱ्याची हाडं कुठल्या रेषांत मोडतात ते नोंदवलं. त्यातली सगळ्यात खालची रेषा नाकाच्या तळाला, दातांच्या मुळांच्या वरून आडवी जाते. आज आम्ही त्याच रेषेत मुद्दाम हाड कापतो, वरचा जबडा दातांसकट मोकळा करतो, ठरलेल्या जागी नेतो आणि टायटॅनियमच्या प्लेटांनी बसवतो. ऐकायला भयंकर वाटतं. सर्जननाही वाटायचं. पूर्ण मोकळा केलेला जबडा रक्ताविना मरेल, अशी बरीच वर्षं भीती होती. अमेरिकेत विल्यम बेल यांनी माकडांवर प्रयोग करून दाखवलं की टाळूकडून आणि गालाच्या आतल्या बाजूच्या मांसातून येणारं रक्त त्याला पुरतं. त्यानंतर १९७० च्या दशकात हे ऑपरेशन जगभर बिनधास्त व्हायला लागलं. रक्ताचा हा मुद्दा लक्षात ठेवा, चिरेच्या लांबीचा वाद तिथंच येतो.

खालच्या जबड्याची रीत झुरिकच्या ह्यूगो ओबवेगेसर यांची. त्यांनी आणि ट्राउनर यांनी ती १९५७ मध्ये मांडली, दाल पाँट यांनी १९६१ मध्ये सुधारली. जाड फळी कडेनं चिरून दोन पातळ फळ्या कराव्यात, तसा जबड्याचा मागचा भाग उभा उकलायचा आणि एक फळी दुसरीवरून सरकवायची. दोन्ही फळ्यांचा एकमेकींना रुंद स्पर्श राहतो, म्हणून हाड लवकर जुळतं. या दोन फळ्यांच्या मधूनच खालच्या ओठाची संवेदना नेणारी नस जाते. तुमच्या बधिरपणाच्या प्रश्नाचं मूळ इथं आहे. त्याकडे पुढं येतो.

हे दोन्ही हाडांचे छेद लहान चिरेतही तेच असतात आणि मोठ्या चिरेतही तेच. जबडा पाच मिलिमीटर पुढे न्यायचा म्हणजे पाच मिलिमीटरच न्यायचा. फरक पडतो तो हाडावरच्या मऊ भागात.

वरच्या जबड्यात हा फरक खरा आहे. नेहमीची चीर एका बाजूच्या पहिल्या दाढेपासून दुसऱ्या बाजूच्या पहिल्या दाढेपर्यंत जाते. लहान चीर फक्त समोरच्या दातांच्या वर, दोन-तीन सेंटिमीटर, आणि मागचं काम मांसाखाली बोगदा करून. गालाकडचं मांस न कापता राहिल्यामुळं तिकडून येणारं रक्त चालू राहतं. सूज कमी येते, गालाचे स्नायू कमी दुखावतात, टाके कमी. जबडा मागच्या बाजूनं सोडवायला पूर्वापार वाकडी छिन्नी वापरतात. ती जिथं जाते तिथं मोठ्या शिरांचं जाळं आहे, आणि या ऑपरेशनमधलं नको ते रक्त बहुतेक वेळा तिथूनच येतं. बार्सिलोनाच्या फेदेरिको एर्नांदेझ-आल्फारो यांनी २०१३ मध्ये एक युक्ती मांडली: मागं छिन्नी न घालता पुढच्या बाजूनंच जबडा पिळून मोकळा करायचा. मी ती वापरतो. बहुतेक पेशंटमध्ये छान जमते. ज्याच्या अक्कलदाढा आत अडकलेल्या आहेत किंवा मागचं हाड फार भरीव आहे, तिथं हट्ट धरत नाही.

हट्टावरून आठवलं. बारा-तेरा वर्षांपूर्वीची गोष्ट, कुठल्या हॉस्पिटलमधली ते राहू द्या, चूक माझीच होती. एका तरुणाचा वरचा जबडा मागच्या बाजूला चार मिलिमीटर वर न्यायचा होता. लहान चिरेचं मला तेव्हा नवं नवं कौतुक. सगळं झकास चाललेलं, रक्त नाही, वेळ कमी. जबडा मोकळा झाला, दात स्प्लिंटमध्ये, म्हणजे दातांचा ठसा असलेल्या प्लास्टिकच्या पट्टीत, बसवून खालच्या दातांशी तारेनं बांधले, दोन्ही जबडे मिळून वर ढकलले. बसल्यासारखं वाटलं. प्लेटा लावल्या. तार सोडली आणि खालचा जबडा दोन बोटांनी हलकेच मिटवला. मागच्या दाढा टेकल्या, आणि पुढच्या दातांत तीन मिलिमीटरची फट.

झालं असं होतं, की अगदी मागच्या कोपऱ्यात हाडाचा एक कंगोरा उरला होता. त्या लहान चिरेतून तो दिसत नव्हता आणि बोटालाही लागत नव्हता. वर ढकलताना जबडा त्या कंगोऱ्यावर टेकला, आणि टेकू मिळाल्यासारखे खालच्या जबड्याचे सांधे खोबणीतून खाली ओढले गेले. बांधलेलं असेपर्यंत सगळं सरळ दिसत होतं. तार सोडल्यावर सांधे आपल्या जागी परत गेले आणि लबाडी उघडी पडली. मग चीर दोन्ही बाजूंनी वाढवली, प्लेटा काढल्या, कंगोरा घासला, पुन्हा बसवलं. सव्वा तास जास्त गेला. मुलगा चांगला बरा झाला. दुसऱ्या दिवशी मी त्याला सगळं सांगितलं, तेव्हा सुजलेल्या तोंडानं पाटीवर लिहून दिलं: ‘मग पैल्यांदाच का नाही मोठी मारली?’

तेव्हापासून माझा नियम ठरलाय. जबडा सरळ पुढे न्यायचा असेल, तर लहान चीर. मागून बराच वर न्यायचा असेल, जबड्याचे दोन-तीन तुकडे करून रुंदी वाढवायची असेल, चेहरा बराच वाकडा असून जबडा वळवून बसवायचा असेल, किंवा आधी एकदा ऑपरेशन होऊन आत व्रण असतील, तर मी सुरुवातीपासूनच चीर मोठी ठेवतो. माझ्यापेक्षा हात बसलेले लोक जगात आहेत, ते यातलंही बरंच लहान चिरेतून करतात. मी माझ्या हातांबद्दल बोलतोय. तुमच्या मुलीचा जबडा, तुम्ही लिहिलंय त्यावरून, मुख्यतः पुढे यायचा आहे. म्हणजे वरच्या जबड्याला लहान चीर तिला बहुधा चालेल. सीटी स्कॅन बघितल्याशिवाय यापेक्षा जास्त सांगणं बरं नाही.

नाकाबद्दल एक वाक्य. वरचा जबडा पुढे किंवा वर गेला की नाकपुड्या थोड्या पसरतात. त्यासाठी नाकाच्या तळाला आतून एक आवळटाका घालायचा असतो. चीर कोणतीही असो, तो टाका घालणार का, हे विचारा. मुलीला चेहऱ्यात काय खटकलं तर बऱ्याचदा हेच खटकतं.

आता खालचा जबडा. इथं लहान चिरेचा फायदा सूज थोडी कमी येण्यापुरता आहे. ओठाचा बधिरपणा चिरेच्या लांबीवर ठरत नाही. ऑपरेशननंतरच्या पहिल्या दिवशी जवळजवळ सगळ्यांचाच खालचा ओठ आणि हनुवटी बधिर असते, दाताच्या डॉक्टरकडे इंजेक्शन घेतल्यासारखी. मग आठवड्यांनी मुंग्या येतात, मुंग्या आल्या की मला आनंद होतो. बहुतेकांना काही महिन्यांत परत जाणवायला लागतं, सुधारणा वर्षभर आणि कधी त्याहून जास्त चालू राहते. काही जणांत हनुवटीवर बोटभर जागा कायम थोडी मंद राहते. ओठ हलतो, बोलता येतं, हसता येतं. ही हालचालीची नस नाही, संवेदनेची आहे. चहा हनुवटीवर ओघळला तर कळत नाही, अशी तक्रार असते. ती खरी तक्रार आहे, तिला क्षुल्लक म्हणणाऱ्या सर्जनवर माझा विश्वास नाही.

बधिरपणा कशावर ठरतो? नस हाडाच्या बाहेरच्या भिंतीला किती चिकटून जाते, त्यावर. फळ्या उकलताना ती बाहेरच्या फळीत अडकून आली तर तिला हळूच सोडवावं लागतं, तिथं ती दुखावते. वयावर ठरतो: विशीतल्या मुलीची नस जितकी भरून येते तितकी चाळिशीतल्या माणसाची येत नाही. हनुवटीचंही हाड त्याच वेळी कापणार असाल तर शक्यता वाढते. आणि हाड वेडंवाकडं फुटलं तर. यातलं पहिलं सीटीत आधी दिसतं. तुमच्या सर्जनना सीटीवर ती नस दाखवायला सांगा. पांढऱ्या कडेत काळा ठिपका असतो, तुम्हालाही दिसेल.

पिएझोचा उपयोग इथं आहे, पण जेवढा सांगतात तेवढा नाही. त्याचं टोक सेकंदाला साधारण २४ ते ३० हजार वेळा थरथरतं, कटकन न कापता थरथरून हाड चिरतं. या गतीला हाडासारखी कठीण गोष्ट कापली जाते आणि मऊ गोष्ट बाजूला सरते. इटलीतल्या तोमासो वेर्चेलोत्ती यांनी १९९० च्या दशकाच्या शेवटी ते दातांच्या आणि जबड्याच्या कामात रुळवलं. नातेवाइकांना समजावताना मी कच्चं अंडं घेतो. पिएझोनं कवच चौकोनात कापून काढता येतं आणि आतला पातळ पापुद्रा तसाच राहतो, पिवळं हलत असलेलं त्यातून दिसतं. हे बघून लोक भारावतात. पण मग मी त्यांना पुढचंही सांगतो: खालच्या जबड्याच्या कामाचा शेवटचा भाग, दोन फळ्या एकमेकींपासून उकलणं, ते पिएझो करत नाही. ते छिन्नी आणि पसरवणाऱ्या चिमट्यानंच होतं, हातोडीच्या हलक्या टिपांनी. हातोडीचा आवाज बदलला की कळतं, आता सुटतंय. नस तिथंच दिसते, पांढरट, सुतळीएवढी. पिएझोला वेळही जास्त लागतो, करवतीनं दोन मिनिटांत होणारं काम ते पाच-सहा मिनिटांत करतं, आणि पाण्याचा फवारा चालू ठेवला नाही तर हाड भाजतं. चांगलं यंत्र आहे. माझ्याकडेही आहे. पण ‘पिएझो म्हणजे बधिरपणा नाही’ असं कुणी सांगितलं, तर तो माणूस विकतोय.

खरं सांगायचं तर पेशंटचा त्रास ज्यांनी सर्वांत जास्त कमी केला, त्या गोष्टी आता ‘नेहमीच्या’ पद्धतीत धरल्या जातात आणि त्यांची जाहिरात कुणी करत नाही. मी शिकत होतो तेव्हा जबडे तारेनं घट्ट बांधून सहा आठवडे ठेवलेले पेशंट बघितलेत. उलटी झाली तर कापायला कात्री उशाशी. प्लेटा आणि स्क्रू आले आणि तो छळ संपला. आता बहुतेकांना दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी हलके रबरबँड लावून सोडतो. दुसरी गोष्ट भूल. भूलतज्ज्ञ रक्तदाब बेताचा खाली ठेवतो, रक्त कमी वाहण्याचं औषध देतो, सूज उतरण्याचं इंजेक्शन देतो. तुमच्या मुलीचा चेहरा तिसऱ्या दिवशी कसा दिसेल, यात भूलतज्ज्ञाचा वाटा चिरेएवढाच आहे. चांगला भूलतज्ज्ञ आणि नेहमीची चीर विरुद्ध लहान चीर आणि कुणीही भूलतज्ज्ञ, अशी निवड असेल तर मी पहिलं घेईन.

आणि तिसरी गोष्ट नियोजन. इथं मी तुमचा सगळ्यात जास्त वेळ घेणार.

आमच्याकडे उद्यमनगरातले, शिरोलीचे फौंड्रीवाले पेशंट म्हणून येतात. त्यांना हे एका वाक्यात पटतं: पॅटर्न, म्हणजे ज्यावरून साचा करतात तो नमुना, चुकला तर ओतकाम कितीही सफाईनं करा, कास्टिंग भंगारातच जातं. जबड्याचंही तेच. सीटी आणि दातांचा स्कॅन संगणकावर जुळवून ऑपरेशन आधी पडद्यावर करतात, मग त्यावरून स्प्लिंट छापून घेतात. स्प्लिंट म्हणजे वर सांगितलेली दातांच्या ठशाची पट्टी. ऑपरेशनमध्ये जबडा कुठं थांबवायचा हे तीच सांगते. प्लास्टरच्या साच्यांवर हातानं केलेलं नियोजनही चालतं, मी निम्मं आयुष्य तसंच केलं. पण चेहरा वाकडा असेल तर संगणकावर जे दिसतं ते साच्यावर दिसत नाही.

तुमच्या मुलीसारख्या जबड्यात पूर्वी नुसता खालचा जबडा मागे ढकलायची पद्धत होती. दिसायला सरळ वाटायचं, पण जीभ मागे जाते, घशाची जागा आवळते, काही जण घोरायला लागतात, आणि बरेच मागे ढकललेले जबडे पुन्हा पुढे सरकायला बघतात. आता शक्य तितकं वरचा जबडा पुढे आणून भागवतात आणि खालचा थोडाच मागे नेतात. त्यामुळं दोन्ही सर्जनकडून आकड्यांचा कागद मागून घ्या. वरचा किती मिलिमीटर पुढे, किती वर, मधली रेषा कुठं, खालचा किती मागे. दोन कागद शेजारी ठेवा. आकडे सारखे असतील तर वाद फक्त चिरेचा आहे, आणि तो दुप्पट पैशांचा नाही. आकडे वेगळे असतील तर चिरेचा विचार सोडा आणि ते वेगळे का आहेत हे विचारा. कागदच मिळाला नाही, तर तिथं ऑपरेशन करू नका. मग ते पुण्यात असो, मुंबईत असो की आमच्या राजारामपुरीत.

दुप्पट खर्च कशाचा, हेही फोडून घ्या. प्लेटा किती आणि कुठल्या कंपनीच्या: दोन्ही जबड्यांना मिळून बहुतेक वेळा सहा प्लेटा आणि वीस-पंचवीस स्क्रू लागतात. पिएझोची टोकं किती धरली. नियोजनाचा आणि स्प्लिंटचा खर्च आत आहे की वेगळा. खोली कुठली. मी असे अंदाजपत्रक बघितलेत ज्यात फरकाचा मोठा वाटा खोलीचा आणि परदेशी प्लेटांचा निघाला, चिरेचा त्यात काहीच नव्हता. नियोजनासाठी पैसे जास्त लागत असतील तर द्या. नुसत्या ‘मिनिमली’ या शब्दासाठी कर्ज काढू नका.

आणि सर्जनना एक प्रश्न विचाराच: लहान चिरेतून नीट दिसलं नाही तर काय कराल? ‘वाढवीन’ असं उत्तर लगेच आलं तर माणूस बरा. ‘तशी वेळच येत नाही’ म्हणाले तर माझी वरची गोष्ट आठवा.

बरं होण्याचं सांगतो, कारण इथं घरच्यांची खरी परीक्षा असते. सूज दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी सर्वांत जास्त. दोन-तीन आठवड्यांत बरीच उतरते, शेवटची थोडी सूज जायला सहा महिनेही लागतात. लहान चिरेत हे काही दिवसांनी लवकर होतं, आठवड्यांनी नाही. नाकातून रक्ताळलेलं पाणी पहिले काही दिवस येतं, घाबरू नका, पण नाक जोरानं शिंकरायचं नाही. झोपताना डोकं उंचावर. हॉस्पिटलात दोन-तीन दिवस. कॉलेजला तीन आठवड्यांनी जाईल, लाजाळू असेल तर महिन्यानं.

जेवण पातळ. आणि इथं कोल्हापूरकर नशीबवान आहेत. पांढरा रस्सा गाळून घ्यायचा, मिरी आणि आलं कमी टाकायचं, कोमट असताना मोठ्या सिरिंजनं गालाच्या आतून हळूहळू द्यायचा. मटणाचं पाणी, नारळाचं दूध, खसखस, काजू: एवढं पौष्टिक पातळ अन्न दुसरीकडे शिजवून घ्यावं लागतं, आपल्याकडे ते आधीच चुलीवर असतं. तांबडा मात्र सहा आठवडे बंद, टाक्यांवर आग पडते. शाकाहारी असाल तर नाचणीची आंबील, मुगाचं कढण, ताक. गंगावेशीच्या कट्ट्यावरचं धारोष्ण दूध पाजतो म्हणून एक आजोबा मागे लागले होते. त्यांना म्हटलं, पाजा, पण उकळून. दोन-चार किलो वजन उतरतं, सहा ते आठ आठवड्यांनी मऊ भात-भाकरीवर आली की भरून येतं. प्रत्येक खाण्यानंतर लहान मुलांच्या मऊ ब्रशनं दात घासायचे आणि चुळा. जंतुसंसर्ग झालेले माझे बहुतेक पेशंट चिरेमुळं नव्हे, या एका कामाच्या कंटाळ्यानं परत आलेत.

तिसऱ्या दिवशी आरसा मागू नका असं मी सांगतो, सगळ्या मागतात. मागच्या वर्षी एका मुलीनं मागितला, बराच वेळ बघितलं, बोलता येत नव्हतं म्हणून मोबाईलवर टाइप करून मला दाखवलं: ‘डॉक्टर, मी परत हसतो कधी?’ दहाव्या दिवशी टाके बघायला आली तेव्हा हसत होती, अर्धा ओठ अजून बधिर. त्या अर्ध्या ओठाची जाणीव पाचव्या महिन्यात परत आली.

आता लग्नाचं. तारा ऑपरेशननंतर अजून सहा महिन्यांच्या आसपास राहतील, कधी जास्त. त्या निघेपर्यंत तारीख धरू नका. पण मला तुमच्या पत्रात दुसरंच खटकलं. दोन पानं लिहिलीत. खर्च आहे, व्रण आहे, लग्न आहे, पाहुणे काय म्हणतात ते आहे. मुलगी स्वतः काय म्हणते, हे एकदाही नाही. तिला भाकरी तोडता यायला हवी आहे, की चेहरा बदलायला हवा आहे, की दोन्ही, की काहीच नको आहे? चेहऱ्याचे आकडे यावरही बदलतात. सहा महिने बधिर ओठ घेऊन तिलाच राहायचंय.

पुढच्या आठवड्यात दाखवायला येणार असाल तर सीटीची सीडी आणा, मोबाईलवर काढलेले फोटो चालत नाहीत. तारा लावणाऱ्या डॉक्टरांकडून सुरुवातीचे दातांचे साचे आणि सध्याचे, दोन्ही मागून घ्या. दोन्ही सर्जनची अंदाजपत्रकं आणा, नावं झाकली तरी चालेल. आणि मुलीला आणा. पहिली दहा मिनिटं मी तिच्याशी एकटीशी बोलेन, तुम्ही तेवढ्यात खाली चहा घ्या.